इशारा आला, हाक कशी जाणार?

मोबाइलवर कर्कश भोंगा वाजवून येणारा सरकारी इशारा स्वागतार्ह असला, तरी तो एकमार्गी आहे. दरडप्रवण गावांना उलट हाक मारता येईल अशी स्वस्त बिनतारी साखळी सरकारने उभारलीच पाहिजे, असे आमचे मत आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले, तळीये गावावर दरड कोसळली, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. मनोरे मुके झाले की भोंगाही मुकाच.

‘लोरा’ या बिनतारी तंत्राची काही हजार रुपयांची उपकरणे मनोऱ्याविना, इंटरनेटविना छोटे लिखित संदेश एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतात. 865 ते 868 मेगाहर्ट्झ पट्ट्यात त्यासाठी परवानाही लागत नाही. सह्याद्रीचे डोंगर लहरी अडवतात हे खरे; पण त्याच डोंगरमाथ्यांवर सौर पॅनेलसह एकेक उपकरण बसवले, तर दोन खोरी जोडली जातात.

प्रश्न पैशाचा नाहीच. गावाने पाठवलेला ‘दरड सरकली’ हा संदेश तहसील कचेरीत रात्री दोन वाजता वाचणार कोण? वाचणाराच नसेल, तर ही उपकरणे घातकच ठरतील. मदत येणार या भरवशावर माणसे घरात थांबतील.

म्हणून खरेदीच्या निविदेआधी प्रत्येक तहसील कचेरीच्या नियंत्रण कक्षात चोवीस तासांचा जबाबदार कर्मचारी नावानिशी नेमा. रायगड, रत्नागिरी, साताऱ्यातील धोकादायक वाड्यांवर पावसाळ्यापूर्वी साखळी उभारा आणि मोबाइल बंद ठेवून तिची रंगीत तालीम घ्या.