अब्रू आणि सातबारा

जामबागेतल्या विवेकवर्धिनीच्या फाटकातून बाहेर पडून कोठीकडे चालत निघालं की थोड्याच वेळात जुन्या रेसिडेन्सीचे उंच खांब दिसू लागतात. किर्कपॅट्रिकने बांधलेल्या या वास्तूत पुढे मुलींचं कॉलेज आलं, अलीकडे त्याचं महिला विद्यापीठ झालं, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तेलंगण सरकारने त्याला चाकली ऐलम्मांचं नाव द्यायचं जाहीर केलं. आमच्या कितीतरी वाचक भगिनी याच कॉलेजच्या. पण ऐलम्मा कोण, असं विचारलं तर त्यांतल्या बऱ्याच जणी थबकतील. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या इतिहासाच्या पुस्तकांतून आपण मराठी मुलं इथे शिकलो, त्यांत ही बाई नव्हती.

ऐलम्मा पालकुर्तीच्या. जातीने परीट, तेलुगूत चाकली. तेव्हा हा भाग निजामाच्या नलगोंडा जिल्ह्यात होता आणि त्यावर विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी यांची हुकमत चाले. देशमुख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पडका वाडा आणि रिकामा दिमाख येतो. तिकडचा देशमुख वेगळा होता. त्याच्या दारी गावच्या गाव वेठीला राबायचं, परटिणीने त्याचे कपडे फुकट धुवायचे आणि वर त्याची लाथही खायची. ऐलम्मांनी दुसऱ्या एका जमीनदाराकडून जमीन खंडाने घेतली, कसली, भात पिकवला. पीक कापणीला आल्यावर देशमुखाने ते आपलं असल्याचं सांगून माणसं पाठवली. तेव्हा आंध्र महासभेचे कार्यकर्ते, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी ‘संगम’वाले, शेतात उतरले. भात कापला आणि ऐलम्मांच्या घरी पोचता केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल देशमुखाविरुद्ध लागला. त्याची जबर किंमत त्या घराला मोजावी लागली. पण परटिणीने देशमुखाकडून आपलं धान राखलं, ही बातमी आसपासच्या गावांत पोचायची ती पोचलीच. 4 जुलै 1946 रोजी कडवेंडीत दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडले आणि तेलंगणाचा लढा भडकला, त्याच्या पाठीमागे हे भातही होतं.

भांडण कशावरून होतं, इकडे आम्हाला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. ते भांडण भातावरून होतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘हिंदी चित्रपटातली लढणारी खेड्यातली बाई’ असा ठरला, त्याला निमित्तं पुष्कळ. श्याम बेनेगल 23 डिसेंबर 2024 रोजी गेले. त्यानंतरची ही पहिली दिवाळी. त्रिमुलगिरीत जन्मलेला, निजाम कॉलेजात शिकलेला हा कोकणी घरातला मुलगा आपल्या शहराचा. त्यांच्या ‘निशांत’ला यंदा पन्नास वर्षं झाली आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि स्मिता पाटील असती तर 17 ऑक्टोबरला, यंदा नेमक्या वसुबारसेला, सत्तर वर्षांची झाली असती. मराठी लेखणी, हैदराबादी दिग्दर्शक, खानदेशातल्या शिरपूरच्या घराण्यातली नटी आणि तेलंगणातली माती: जामबागेतून निघणाऱ्या मराठी अंकाने हा विषय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा?

लेख येऊ लागले तसं एक लक्षात आलं. जवळजवळ प्रत्येक लेखात कोयता, बंदूक किंवा मिरचीपूड होती. अर्थात दोष लेखकांचा नाही, चित्रपटांचाच. हिंदी चित्रपटाने खेड्यातली बाई लढताना दाखवली ती बहुतेक वेळा अब्रूसाठी. ‘मदर इंडिया’ (1957) घ्या. सुखीलालाच्या वहीतल्या आकड्यांनी राधाचं अख्खं आयुष्य गिळलं. ती वही तिला वाचता येत नाही, बिरजूलाही येत नाही, आणि शेवटी तो ती जाळून टाकतो. इतका सगळा सावकारी हिशेब मेहबूब खान यांनी मांडला, पण चित्रपटाचा निवाडा मात्र गावाच्या लाजेवर होतो. सावकाराची मुलगी पळवणाऱ्या पोटच्या पोराला राधा गोळी घालते. जमिनीचं काय झालं? कालव्याला पाणी आलं, एवढंच आपल्याला कळतं. राधाच्या नावावर काय उरलं, ते कोणी विचारत नाही.

‘अंकुर’ (1974) मात्र पुन्हा पाहण्यासारखा आहे. तो पाहताना बहुतेकांचं लक्ष शबानाच्या लक्ष्मीवर आणि शेवटच्या दगडावर असतं. आमचं लक्ष या वेळी कौसल्येकडे गेलं. जमीनदाराने ठेवलेली ही बाई. गावातली उत्तम जमीन त्याने तिला आणि तिच्या मुलाला दिलेली. जमीनदाराचा मुलगा सूर्या गावात आल्यावर पहिल्यांदा करतो ते काय, तर तिच्या शेताचं पाणी तोडतो! दवंडी नाही, मारामारी नाही, पाटाचं तोंड बंद करायचं की झालं. आणि लक्ष्मी? तिला मूल राहतं, काम सुटतं, आणि पोटासाठी तांदूळ चोरण्याची पाळी येते. एका बाईकडे जमीन आहे पण पाणी नाही, दुसरीकडे मूठभर तांदूळही नाहीत. बेनेगलांनी ही गोष्ट कॉलेजात असतानाच लिहिली होती आणि निर्माता मिळायला त्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. जमिनीचा व्यवहार इतक्या बारकाईने पाहणारा हिंदी चित्रपट आम्हाला तरी दुसरा आठवत नाही.

‘निशांत’बद्दल आमचं मत जरा कडू आहे. मास्तरच्या बायकोला, सुशीलेला, जमीनदाराचे भाऊ उचलून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टरकडे जातो, सगळीकडून हात हलवत परततो. मग देवळात नवरा-बायकोची भेट होते आणि ती त्याला फाडून खाते. तेंडुलकर तिथे पूर्ण तेंडुलकर आहेत. पण पुढे गाव पेटतं ते पुजारी आणि मास्तर यांच्या चिथावणीने, आणि त्या आगीत जमीनदाराबरोबर त्या घरातली निरपराध सूनही मरते आणि सुशीलाही सुटत नाही. जिच्यासाठी उठाव झाला तिलाच त्या उठावाने संपवलं. तेंडुलकरांना हेच सांगायचं होतं, असं समर्थक म्हणतील, आणि ते खरंही असेल. तरी 1945 च्या तेलंगणावर चित्रपट काढायचा आणि त्यात कापणीला उतरलेली एकही ऐलम्मा नसावी, त्या लढ्यात उतरलेल्या मल्लू स्वराज्यम किंवा आरुट्ला कमलादेवी यांच्यासारखी एकही बाई नसावी, हे खटकतंच. त्या बायका काही दंतकथेतल्या नव्हत्या. स्वराज्यम यांच्यावर सरकारने दहा हजारांचं इनाम लावलं होतं, पुढे त्या आमदार झाल्या आणि 2022 पर्यंत आपल्यात होत्या. कोणी जाऊन विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने ऐंशीच्या दशकात जाऊन विचारलंच, आणि त्या बायकांच्या तोंडच्या हकिगतींचं पुस्तक केलं.

इथे वाचक आम्हाला अडवतील. अब्रूवरचे अत्याचार काय खोटे आहेत? नाहीत. मुद्दा असा आहे की खेड्यात अब्रूवर हात पडतो तेव्हा त्याच्या मागे पुष्कळदा बांध असतो. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 ला सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलं यांची हत्या झाली, ती कशी ते पुन्हा लिहायची गरज नाही. पण त्या कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी चाललेला वाद, शेत राखायला उभी राहिलेली, लेकरांना शिकवणारी दलित आई, आणि मारहाणीच्या प्रकरणात तिने न डरता दिलेली साक्ष, हे सगळं त्या संध्याकाळच्या आधीचं आहे. फूलनदेवींचंही तेच. त्यांचं आयुष्यातलं पहिलं भांडण बापाच्या जमिनीवरून, चुलतभाऊ मय्यादीनशी. पोरवयात त्या त्या शेतात ठाण मांडून बसल्या होत्या. ‘बँडिट क्वीन’मध्ये (1994) ही जमीन जवळजवळ गळून पडली आणि उरला तो बलात्कार आणि सूड. स्वतः फूलनदेवी या चित्रपटाविरुद्ध कोर्टात गेल्या. दोन वर्षांनी मिर्झापूरने त्यांना लोकसभेत पाठवलं.

‘मिर्च मसाला’ आम्हाला फार प्रिय आहे, म्हणून त्याबद्दल उलट बोलताना जीभ अडखळते. सुभेदाराच्या तावडीतून सुटलेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा अबू मियाँ दार लावून घेतो, आणि आतल्या बायकांतल्याच काही तिला म्हणतात, जा बाई एकदाची त्याच्याकडे, आमच्या जिवावर कशाला उठतेस? हे खरं आहे. मुखीची बायको मुलीला शाळेत घालू पाहते आणि बायकांना घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर येते, तेही खरं. शेवटी त्याच बायका मिळून सुभेदाराच्या डोळ्यांत मिरची उधळतात. हिंदी पडद्यावर एवढ्या बायका एकदिलाने क्वचितच उभ्या राहिल्या असतील. आणि तरी विळा घेतलेल्या स्मितावर चित्र थिजतं तिथे आम्हाला प्रश्न पडतो: उद्या सकाळी कारखाना उघडेल तेव्हा मजुरी किती, आणि ती कोणाच्या हातात पडणार?

हा चित्रपट आला फेब्रुवारी 1987 मध्ये. स्मिता त्याआधीच, 13 डिसेंबर 1986 ला गेली होती. आणि तिच्या मृत्यूच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात, नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अफाट अधिवेशन भरलं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: गावातल्या पुरुषांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. कित्येक गावांनी तो केला. तलाठ्यापुढे बसून आपल्या हाताने आपली जमीन बायकोच्या नावे लिहून देणारा शेतकरी, आणि त्याच्या शेजारी डोक्यावरचा पदर सारखा करत बसलेली त्याची कारभारीण, हा प्रसंग एकाही हिंदी दिग्दर्शकाला चित्रपटाचा वाटला नाही.

नेल्लोरचंही असंच. 1992 मध्ये दूबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरतेच्या रात्रवर्गात पाटी-पेन्सिल धरली आणि गावातलं अरकाचं दुकान बंद पाडलं. त्यांची हकिगत साक्षरतेच्या वाचनपुस्तकात धडा म्हणून आली आणि ती वाचून दुसऱ्या गावच्या बायका उठल्या. दारूच्या लिलावाला बायका घेराव घालू लागल्या, लिलाव पुढे ढकलावे लागले. अरक तेव्हा पाकिटांतून घरोघर पोचत होता आणि त्यावर सरकारचा महसूल चालत होता, म्हणजे लढा नवऱ्याशी कमी आणि हैदराबादच्या सचिवालयाशी जास्त. 1 ऑक्टोबर 1993 पासून अरकबंदी झाली. 1995 मध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदी आणली, ती 1997 मध्ये उठली. चढ, उतार, विश्वासघात, सगळं आहे यात. महाराष्ट्रातली, मतदानाने दारूचं दुकान बंद पाडणारी ‘आडवी बाटली’ची चळवळ त्याच जातीची. हिंदी चित्रपटाला मात्र लढणाऱ्या बायकांचा जथा सापडला तो ‘गुलाब गँग’मध्ये (2014), आणि तिथे माधुरी लाठी फिरवता फिरवता नाचतेही. खऱ्या ‘गुलाबी गँग’च्या, बांद्याच्या संपत पाल कोर्टात गेल्या नसत्या तरच नवल.

एवढं लिहून आम्ही पुन्हा घराकडे वळतो, कारण दिवाळी आहे आणि चार दिवसांनी भाऊबीज.

हैदराबादच्या आपल्या मराठी घरांपैकी अनेकांची मुळं लातूर, नांदेड, उदगीर, बीदर या टापूत. एखादा काका तिथे अजून शेती पाहतो. आंध्र प्रदेशात लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती लागू झाली ती 5 सप्टेंबर 1985 पासून (ऐलम्मा गेल्या त्याच आठवड्यात, 10 सप्टेंबरला), महाराष्ट्रात 1994 मध्ये, देशभर 2005 मध्ये. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की हा हक्क जन्माचा आहे, 2005 साली वडील हयात होते की नाही याला महत्त्व नाही. कायदा आता लेकीच्या बाजूने आहे. मग बहिणीचं नाव सातबाऱ्यावर का नाही? असलंच तर ‘इतर हक्कां’च्या रकान्यात का? कारण हक्कसोडपत्र. बहीण दिवाळीला माहेरी येते, ओवाळते, ताटात साडी पडते, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गाडी घेऊन जातो. कोणी आरडाओरडा करत नाही, कोणी कोयता उचलत नाही. वहिनी डबा बांधून देते. माहेर तुटेल या एका भीतीवर सगळं पार पडतं. लग्नात सोनं दिलंच की, असंही कोणी म्हणतं. (आमच्या मलपृष्ठावर यंदाही सोन्याच्या पेढीची जाहिरात आहे, आणि तिच्याविना हा अंक निघाला नसता, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.)

यात हिंदी चित्रपटाला लागणारं नाट्य नाही, असं म्हणतात. आम्हाला तर वाटतं, तेंडुलकर असते तर त्यांना याच कचेरीच्या बाकावर अख्खा अंक सापडला असता.

म्हणून चित्रपटांवरच्या लेखांच्या जोडीला या अंकात हक्कसोडपत्रावर एका वकील भगिनीचा लेख मुद्दाम घेतला आहे. तो रुक्ष आहे, गाळू नये. त्यानंतर मराठवाड्यातल्या स्त्रियांवरचा विभाग आहे. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यापासून, रझाकारांशी लढलेल्या बायकांपासून, तो सुरू होतो. कथा आणि कविता नेहमीच्या जागी आहेत, राशिभविष्यही आहे. छपाईला यंदाही उशीर झाला आणि कुरिअरवाल्यांची दिवाळीची सुट्टी लागण्याआधी गठ्ठे बाहेर पडावेत म्हणून अंकाचं शेवटचं पान रात्री जुळवलं.

ज्यांच्या घरी आजीच्या किंवा आत्याच्या नावची जमीन आहे, होती किंवा गेली, त्यांनी त्या कागदाची हकिगत आम्हाला अवश्य लिहून पाठवावी. नावं छापणार नाही. गाव, साल आणि जमीन कशाने गेली, एवढं पुरे.

दिवाळीच्या शुभेच्छा.

— संपादक, जामबाग, हैदराबाद