चिपच्या इतिहासातले पाणी

चिपचा इतिहास सांगताना प्रकाश येतो, सिलिकॉन येते, ट्रान्झिस्टर येतो. पाणी येत नाही, आणि ही उणीव मला फार खटकते.

सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशाने नक्षी उमटवली की प्रकाशसंवेदी लेपाच्या उंच, अरुंद भिंती उभ्या राहतात. त्या शुद्ध पाण्याने धुतात. घात होतो तो वाळताना. ५० नॅनोमीटरच्या फटीत अडकलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि दोन्ही भिंतींना एकमेकींकडे ओढतो. भिंती पुरत्या भिजणाऱ्या असतील, तर ही ओढ सुमारे २८ वातावरणांच्या दाबाइतकी भरते; फट निम्मी केली की दुप्पट. भिंती वाकतात, माथ्याला माथा चिकटतो आणि नक्षी वाया जाते.

या ओढीचा हिशेब जुना आहे. द्रव आणि घन पदार्थ यांच्यातला स्पर्शकोन ठरलेला असतो, हे थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडले. लाप्लास यांनी त्याच सुमारास वक्र पृष्ठभागाचे गणित बसवले. आपल्याकडे बारावीत ते गुणांपुरते शिकवले जाते.

माझ्या मते या कथेतले सर्वांत मोठे नाव आग्नेस पॉकेल्स यांचे. जर्मनीत तेव्हा मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. ब्राउनश्वाइगमधल्या घरी, स्वयंपाकघरात, त्या पन्हळीतल्या पाण्यावरून पत्र्याची पट्टी सरकवत आणि तराजूला टांगलेले बटण पाण्यावरून सुटायला किती जोर लागतो ते मोजत. तेलकटपणाचा नुसता अंश ही ओढ घडवणारा पृष्ठताण किती उतरवतो, हे त्यांनी असे टिपले. त्यांचे पत्र भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडले, १८९१ च्या मार्चमध्ये ते छापून आले. भिंती वाचवण्यासाठी आज धुण्याच्या पाण्यात पृष्ठताण उतरवणारे रसायन घालतात, ते याच ज्ञानाच्या आधारावर. फारच नाजूक रचना असेल तर पाण्याच्या जागी शेवटी कार्बन डायऑक्साइड आणून तो ३१ अंश सेल्सियसच्या वर, मोठ्या दाबाखाली नेतात. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, मग ओढणार कोण?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तेच पाणी नक्षी उमटवणाऱ्या यंत्रात मुद्दाम आणले गेले. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी भरले की १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने अधिक बारीक रेघा काढता येतात. पण खाली वेफर सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने धावत असतो आणि पाण्याने भिंगाखालीच राहायचे असते. म्हणून लेपाचा माथा पाणी झटकणारा करावा लागतो. मागे सुटलेला एखादा थेंब वाळला, तरी त्याचा डाग नक्षीत उतरतो.