सूर्य सर्वांचा, पण गच्ची कोणाची?

सुरत शहराला ज्या वस्तूचा तुटवडा कधी भासला नाही अशी वस्तू म्हणजे ऊन होय. तापीला पूर आले, यंत्रमागांवर मंदी आली, हिऱ्याच्या धंद्यात चढउतार झाले. चैत्र-वैशाखाचे ऊन मात्र दरसाल नेमाने येत राहिले. त्याचा उपयोग आपण पापड-कुरडया आणि ओले कपडे वाळविण्यापलीकडे फारसा केला नव्हता. आता अडाजण, वेसू, वराछा या भागांतून जाताना मान वर करून पाहिले, तर गच्च्यागच्च्यांवर निळसर काळ्या पॅनेलांच्या रांगा दिसतात. घरांच्या छपरांवर वीज तयार करण्याच्या कामी गुजरात राज्य देशात आघाडीवर आहे, आणि सुरतेचा त्यात मोठा वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि सौरविजेचे नुसते गुणगान करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. ते काम जाहिरातींतून पुरेसे होत असते. आम्हांला पुसावयाचे आहे ते एवढेच की, हे ऊन कोणाच्या घरी उतरले आणि कोणाच्या डोक्यावरून नुसतेच निघून गेले?

प्रथम विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. प्रकाशाच्या योगाने विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊ शकतो, हे एदमों बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले ते १८३९ साली. त्यावरून व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट तयार व्हावयास मात्र १९५४ साल उजाडावे लागले. तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पुढे चारच वर्षांत असे घट व्हॅन्गार्ड उपग्रहावर बसून अंतराळात गेले. आज साधारण शंभर चौरस फूट जागेत एक किलोवॅटचा संच बसतो आणि आपल्या प्रदेशात तो वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः वीज प्रकाशापासून होते, उष्णतेपासून नव्हे. पॅनेल तापले की त्याचे उत्पादन उलट थोडे घटते. म्हणून मे महिन्यातील रखरखीत दुपारही हिशेबात धरतो तितकी लाभत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात, हिवाळ्यात दिवस लहान होतो, आणि धूळ तर आपल्या शहरात बारा महिने आहेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर केली. एक कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचा तिचा संकल्प आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये, आणि तीन किलोवॅट किंवा अधिकच्या संचाला एकंदर ७८ हजार रुपये, असे अनुदान तीत मिळते. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज कंपनीच्या तारांत जाते, रात्री आपण तेथून वीज घेतो, आणि मीटर या देवघेवीचा हिशेब ठेवतो. योजना चांगली आहे. परंतु तिची पहिलीच अट अशी की, अर्जदाराचे स्वतःचे घर असावे आणि त्या घराला संच बसविण्याजोगे छप्पर असावे.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतील आमच्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव येथून सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेली आणि येथे स्थिरावलेली हजारो मराठी कुटुंबे या भागांत राहतात. त्यांतील कितीतरी भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीचे छप्पर म्हणजे वरच्या खोलीची जमीन, आणि सर्वांत वरची गच्ची घरमालकाची. विजेचे मीटरही पुष्कळदा मालकाच्याच नावे असते. घरमालक संच बसवितो तेव्हा बिल त्याचे कमी होते. भाडेकरूचे भाडे त्यामुळे कमी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सदनिकांत राहणाऱ्यांची स्थिती थोडी बरी आहे, कारण गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे यांसाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. तरीही गच्ची सामाईक म्हटली की बैठकीत मतभेद आलेच. त्यातून सुरतेची गच्ची! उत्तरायणाच्या दिवशी अख्खे शहर जेथे पतंग घेऊन उभे असते ती जागा लोक सहजासहजी सोडतील काय? म्हणून येथे बरेच जण उंच लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पॅनेल बसवितात आणि खालची गच्ची मोकळी ठेवतात. खर्च वाढतो, पण पतंग वाचतो. या हट्टाला आम्ही हसणार नाही.

कोणी म्हणेल, शहरात छप्पर नसेल, पण गावी शेत आहे ना? आहे. तेथे मात्र प्रश्न निराळे रूप घेऊन उभा राहतो. उघड्या जमिनीवर एक मेगावॅट क्षमतेचे केंद्र उभारावयाचे तर चार ते पाच एकर जमीन लागते. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीने २०१३ साली उभारलेले केंद्र १२५ मेगावॅटचे आहे. त्यावरून जमिनीचा अंदाज विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. जमीन म्हटली की मोबदला आला, आणि मोबदला म्हटला की कचेऱ्यांच्या पायऱ्या आल्या. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून धर्मा पाटील हे वृद्ध शेतकरी वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा करुण अंत झाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष तिकडे गेले. मूळचा औष्णिक विजेचा तो बेत पुढे सौरविजेकडे वळला. वीज स्वच्छ असली म्हणजे तिच्या पायाखालच्या जमिनीचा व्यवहारही आपोआप स्वच्छ होतो, असे समजण्याचे कारण नाही.

जागेच्या अडचणीवर उपाय नाहीत असे नव्हे. मेहसाणा जिल्ह्यात चांद्रासण येथे २०१२ साली नर्मदेच्या कालव्याच्या एका शाखेवर सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचे पॅनेलांचे छत घालण्यात आले व त्यातून एक मेगावॅट क्षमता साधली. पिकाची जमीन अडली नाही, आणि पाण्यावर सावली पडल्याने बाष्पीभवनही कमी होते. बांधकाम महाग पडते, हा त्यातील दोष.

पण आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगा प्रयोग खेडा जिल्ह्यातील ढुंडी या लहानशा गावाचा आहे. तेथील सहा शेतकऱ्यांनी २०१५-१६ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने सौरपंप बसविले आणि त्यांची एक सहकारी मंडळी स्थापन केली. त्यापूर्वी ते डिझेलच्या इंजिनाने पाणी उपसत असत. पंप चालविण्यापुरती वीज वापरावयाची आणि उरलेली सर्वांनी मिळून एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकावयाची, अशी त्यांची योजना. कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे भावाने पंचवीस वर्षांचा करार केला.

यातील मर्म कोणते, ते पाहा. ऊन फुकट आहे, म्हणून सौरपंप दिवसभर चालविला तर विहीर तळाला जाईल. खानदेशासारख्या कमी पाण्याच्या मुलखात हे भय खरे आहे. महाराष्ट्रातील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या केवळ दहा टक्के भरावयाचे असतात, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाचच टक्के. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या गावच्या शेतावर असे पंप आले असतील किंवा येतील. त्यांनी उपशावर बंधन कसे घालावयाचे? ढुंडीच्या शेतकऱ्याला ते बंधन बाहेरून कोणी घातले नाही. पंप बंद असला की त्याची वीज विकली जाते आणि खात्यात पैसे जमा होतात. तेव्हा पाणी वाया घालविणे त्याला परवडतच नाही. व्याख्यानांनी जे साधत नाही ते हिशेबाने साधते, ते असे.

हीच सहकाराची वाट शहरातील भाडेकरूंसाठी का काढू नये? सुरतेला सहकार नवा नाही. १९५१ साली स्थापन झालेला सुमुल दूध संघ पाहा. ज्या बाईकडे एकच म्हैस आहे तिचेही दूध संघ घेतो. स्वतःची डेअरी काढ, मग ये, असे तिला कोणी म्हणत नाही. मग ज्याला स्वतःची गच्ची नाही त्याला उन्हात भागीदार होण्यास मनाई का असावी? आमची मातृभाषा कोकणी. तीत उन्हाला 'वोत' म्हणतात. मे महिन्यात आमच्याकडे घरोघर सोले, म्हणजे कोकमाची साले, वोतांत घालीत. ज्याच्या घरापुढे खळे नसे त्याची सोलेही शेजाऱ्याच्या खळ्यात वाळत, आणि पावसाची सर आली की ज्याला प्रथम दिसे तो सर्वांचीच गोळा करी. खळे एकाचे, पण ऊन वाडीचे, ही समजूत कोणी लिहून ठेवलेली नव्हती. शहरात मात्र ती लिहूनच ठेवावी लागेल.

आमची सूचना अशी. महापालिकेच्या शाळा, बाजार, पाण्याच्या टाक्या, कापड मार्केटच्या विस्तीर्ण गच्च्या, अशा ठिकाणी सहकारी मंडळ्यांनी संच बसवावेत. एकेका भाडेकरू कुटुंबाने त्यात एका किलोवॅटचा वाटा घ्यावा, आणि त्या वाट्याची वीज त्याच्या खोलीच्या बिलातून वजा व्हावी. संच एकीकडे व बिल दुसरीकडे, अशा वजावटीचे नियम दिल्लीत २०१९ सालीच झाले आहेत. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही. सरकारने हिशेबासाठी धरलेला एका किलोवॅटचा खर्च सुमारे ५० हजार रुपये आहे. घरमालकाला मिळणारे ३० हजारांचे अनुदान भाडेकरूच्या वाट्यालाही मिळाले, तर उरतात २० हजार. ते पाच वर्षांत फेडावयाचे म्हटले, तर व्याज सोडून महिना ३३३ रुपये पडतात. त्याच्या बदल्यात महिन्याला सरासरी १२० युनिट. दोन पंखे, दोन-तीन दिवे, टीव्ही व लहानसा फ्रिज एवढ्या संसाराची बरीचशी गरज त्यात भागते.

हप्ता ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. सुरत जिल्ह्यातील पुष्कळ घराण्यांचे आप्त पूर्व आफ्रिकेत गेले. त्या केनिया देशाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे २००७ साली एम-पेसा नावाची मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय सुरू झाली. तिच्या आधारावर २०१२ पासून एम-कोपा या कंपनीने विजेच्या तारा न पोहोचलेल्या घरांना लहान सौरसंच विकले. थोडी रक्कम आधी, आणि मग रोज काही शिलिंग मोबाइलवरून. रॉकेलला रोज जो पैसा जात होता तोच दिव्याच्या हप्त्याला लागला. या पद्धतीचा दुसराही अंग आहे: हप्ता थकला की दिवा आपोआप बंद होतो, आणि रोखीपेक्षा एकूण किंमत जास्त पडते. खाजगी कंपनीची ती रीत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु रोजंदारीच्या माणसाची ऐपत एकरकमी किमतीवरून मोजू नये, त्याच्या रोजच्या खर्चावरून मोजावी, हे केनियाने दाखविले, आणि ते लिंबायतलाही लागू पडते.

आक्षेप येतील, आणि ते यावेतही. भाडेकरू खोली बदलतो, मग वाट्याचे काय? वाटा खोलीच्या नावे न ठेवता माणसाच्या नावे ठेवावा, म्हणजे तो त्याच्याबरोबर जाईल. गाव सोडून जाणाऱ्याने तो मंडळीला परत विकावा. वीज कंपनीचे उत्पन्न घटेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. तेव्हा वहनाचा माफक आकार सभासदांनी द्यावा, हे न्याय्य होईल. तिसरी अडचण रात्रीची. सुरतेतील लूमची खाती बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी रात्रंदिवस चालतात, आणि मध्यरात्री सूर्य काही उपयोगाचा नाही. २०२२ साली मोढेरा गाव सौरग्राम म्हणून जाहीर झाले, तेथे यासाठी मोठ्या बॅटऱ्या बसविलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या औद्योगिक शहराला तशा बॅटऱ्या पुरविणे आजमितीस फार खर्चाचे आहे. तोवर उकाईचा कोळसा जळतच राहणार, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र दिवसाच्या विजेत कोणाला वाटा मिळावा, हा प्रश्न रात्रीच्या अडचणीने सुटत नाही.

नववीच्या वर्गाला या उन्हाळी सुटीत आम्ही एक काम दिले आहे. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील गच्च्या मोजाव्यात. त्या कोणाच्या मालकीच्या, किती चौरस फुटांच्या, टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली त्यांवर किती वाजता पडते, याची नोंद करावी. सोबत आपल्या घरी जानेवारीत व मे महिन्यात किती युनिट वीज लागली, आणि मीटर कोणाच्या नावे आहे, हेही लिहावे. जून महिन्यात शाळा उघडल्यावर या साऱ्या नोंदी एका तक्त्यात मांडावयाच्या आहेत. पालकांनी तोपर्यंत बिले फेकून न देता जपून ठेवावीत, आणि ज्यांची बिले घरमालकाकडेच राहतात त्यांनी निदान आकडा तरी विचारून घ्यावा.