शहर शिकलेल्या मुलीचा भाव

बारावीचे निकाल लागले की वस्तीतल्या आया मुलींना घेऊन आमच्याकडे येतात. प्रश्न एकच असतो, "ताई, हे शिकून पुढे पगार मिळेल का?" शिक्षणाने मुलगी शहाणी होते, स्वतःच्या पायावर उभी राहते, असे आपण शिबिरांतून सांगत आलो. ते खरेच आहे, पण त्या बाईच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. चार घरच्या धुण्याभांड्यांतून ती फी भरणार असते. हिशेब मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

या हिशेबात आता एक नवा विषय आला आहे, शहर-अभ्यासाचा, ज्याला अर्बन स्टडीज म्हणतात. शहर कसे वाढते, जमीन कोणाच्या नावावर, पाणी कोणाच्या नळाला, बस कोणत्या रस्त्याने जाते, आपली झोपडी आराखड्यातल्या कोणत्या आरक्षणावर उभी आहे, याचे पदवीचे शिक्षण. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, नियोजनाची पदवी आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शहरी धोरण आणि कारभार या विषयाची एम.ए. सुरू झाली. नाशिकच्या मुलीला यासाठी बहुधा घर सोडावे लागते, म्हणजे फीच्या जोडीला वसतिगृह आणि खाणावळ आली. आणि बाप विचारणार, एवढे पैसे घालून मुलगी 'शहर' शिकणार म्हणजे नेमके काय शिकणार? आम्ही शहरातच तर राहतो!

अशा शिकलेल्यांची गरजच नाही म्हणून पगार नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. नगरनियोजनाच्या मनुष्यबळावर नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये एक अहवाल काढला. राज्यांच्या नगररचना विभागांना १२ हजारांवर नगररचनाकार हवेत, मंजूर पदे ४ हजारांपेक्षा कमी आणि त्यांतलीही निम्मी रिकामी, असे त्यात म्हटले आहे. देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना विकास आराखडाच नाही. त्याच अहवालात पुढे असेही आहे की अनेक राज्यांत या पदांसाठी नगररचनेचे शिक्षण ही अटच नाही!

आपल्या राज्याच्या नगररचना विभागाने २०२४ मध्ये रचना सहायक पदांची भरती काढली. पात्रता होती स्थापत्य आणि तत्सम अभियांत्रिकीची पदविका. नकाशा काढायला हे शिक्षण लागते, मान्य. पण नकाशातल्या रस्त्याखाली कोणाची घरे जाणार, बाजाराच्या आरक्षणावर भाजीवाल्यांना जागा उरणार की गाळेवाल्यांना, हे पाहायला कोणते शिक्षण लागते? त्याची नोंद जाहिरातीत नसते. पदवीची किंमत ठरते ती सेवाप्रवेश नियमांतल्या या एका ओळीत, आणि ती ओळ लिहिली जाते तेव्हा आपण तिथे नसतो.

मग शहराची जाण असलेल्या बाईला काम मिळते कोठे? महापालिकेच्या दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत. १९९७ मध्ये सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आली, २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते अभियानही संपले. बचत गट बांधणाऱ्या, फेरीवाल्यांचे अर्ज भरून घेणाऱ्या, घराघरांत ओळख असलेल्या समूह संघटिका या योजनांवर राबल्या. वस्तीत नळ किती आणि त्यांतले चालू किती, हे त्यांना तोंडपाठ. पण नेमणूक कंत्राटी, योजनेचे नाव बदलले की बाई पुन्हा नव्याने अर्जदार. दुसरे काम सर्वेक्षणाचे. अहवालाचे कंत्राट सल्लागार कंपनी घेते आणि उन्हात दारोदार फिरणाऱ्या मुलीच्या हातावर फॉर्ममागे ठरलेले पैसे पडतात. अहवालावर तिचे नाव नसते. हे मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. करून, हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन पाहिले आहे.

या सगळ्याला 'मानधन' हा गोंडस शब्द आहे. पगार म्हटला की महागाई भत्ता आला, भविष्यनिर्वाह निधी आला, बाळंतपणाची रजा आली. मानधनात यांतले काहीच नाही, वर उपकाराची भाषा. बाई समाजाचे काम प्रेमाने करते, म्हणून तिला त्याचे पैसे नकोत, हा जुनाच न्याय. घरी स्वयंपाकाला जो लागतो तोच इथे शहराला लावला आहे. (आपल्याच काही संस्थांच्या जाहिराती वाचा. 'तळमळ आवश्यक' हे ठळक अक्षरांत असते आणि रकमेचा उल्लेख नसतो.)

पदवीतून किती पैसे सुटतात याचे जे कोष्टक मांडतात, त्यात पुरुष गृहीत असतो. फी एवढी, पगार एवढा, नोकरीची वर्षे पस्तीस. मुलीची पस्तीस वर्षे कोणी धरायची? २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत शहरी भागातल्या १५ वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी २८ जणीच कामात किंवा कामाच्या शोधात आढळल्या. त्यातून लग्नानंतर गाव बदलते. नर्सिंग शिकलेली पोर नाशिकहून नांदेडला गेली तरी तिथे दवाखाना असतो. पंचवटी आणि सातपूर पाठ असलेल्या मुलीचे भांडवल मात्र माहेरच्या शहरातच अडकते. लग्नाच्या बाजारात पदवीला भाव येतो हे खरे, पण तो पगार मागणाऱ्या पदवीला येत नाही, मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईला येतो.

आणि तरीही नाशिकला या मुली हव्यात. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची १८ कामे आहेत, त्यांतले पहिलेच नगरनियोजन. २०१७ च्या निवडणुकीत आपल्या महापालिकेच्या १२२ जागांपैकी ६१ महिलांसाठी राखीव होत्या. एवढ्या नगरसेविकांना विकास आराखडा वाचून दाखवणारे, अंदाजपत्रकातला बायकांचा वाटा शोधून देणारे एकही पद नाही. मार्च २०२२ नंतर तर सभागृहच नव्हते, काही वर्षे प्रशासकाचाच कारभार चालला. जुलै २०२१ मध्ये सिटीलिंकच्या बसेस सुरू झाल्या. अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून निघणाऱ्या बाईच्या वेळेला बस आहे का, थांब्यावर दिवा आहे का, हे मोजणे हे कौशल्याचे काम आहे. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होताना घाटावरच्या फुलवाल्या जातात कोठे, हे नोंदवणेही. ही कामे आपल्या कार्यकर्त्या फुकट करतात, म्हणून त्यांचा बाजारभाव शून्य राहतो.

माझे मत विचाराल तर, कर्ज काढून नुसती शहर-अभ्यासाची बी.ए. करायला मी गरीब घरच्या मुलीला सांगणार नाही. नियोजनाची व्यावसायिक पदवी मिळत असेल तर ती घ्यावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरते. वसतिगृहाचे गणित वेगळे मांडावे लागेल. ज्यांना बी.ए.च करायची आहे त्यांनी सोबत संगणकावर नकाशे करायला आणि जमिनीची मोजणी वाचायला शिकावे. नुसती कळकळ कोणी विकत घेत नाही.

मुलीला सल्ला देऊन मात्र आपले काम संपत नाही. महिला धोरण राज्यात १९९४ पासून आहे, २०२४ मध्ये चौथे आले. प्रत्येक महापालिकेच्या नगररचना विभागात समाजशास्त्राची, समाजकार्याची, शहर-अभ्यासाची पदवी चालेल अशी कायम पदे आणि त्यांना वेतनश्रेणी, ही मागणी आपल्या निवेदनांत नसते. आपली निवेदने अत्याचारांवर असतात आणि असायलाच हवीत. पण सेवाप्रवेश नियमांच्या दुरुस्तीवर हरकती मागवल्या जातात तेव्हा तिथेही आपल्या सह्या पडल्या पाहिजेत. येत्या अंदाजपत्रकाच्या आधी नाशिकच्या गटांनी एकत्र बसून हा मसुदा करावा असे मला वाटते. कलमांची भाषा मी लिहून आणते. समूह संघटिका म्हणून राबलेल्या बायकांनी आपापल्या नेमणुकीची पत्रे घेऊन यावे, म्हणजे किती वर्षे, किती रुपयांवर आणि किती वेळा नव्याने, हे आकड्यांत मांडता येईल.