जादा जोर गरजेपुरताच

मुलांनो, कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी जादा इंजिने जोडतात. घाट संपला की ती काढतात. संगणकालाही हाच नियम लावावा, असे मला वाटते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून खेळांसाठी संगणक जोडणे ही चांगली विद्या आहे. पण जोडताच प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, घाई कशाला? वेग आणि व्होल्टेज वाढले की उष्णता वाढते. म्हणून आधी पंखा नीट बसवा. वेग थोडा थोडा वाढवा. दर वेळी तापमान पाहा. संगणक अडखळला तर मागे या. घरच्यांच्या कष्टाचा पैसा एका रात्रीच्या हौसेपायी जाळू नका.