शिश्नभंग : लेप की शस्त्रकर्म?

शिश्नात अस्थी नाही. तरीही ‘भंग’ हा शब्द रूढ झाला आहे. प्रत्यक्षात फाटते ते ट्युनिका अल्बुजिनिया हे तंतुमय आवरण. शिथिलावस्थेत सुमारे २ मि.मी. जाड असणारे हे आवरण उत्थानावस्थेत अतिशय पातळ होते. अशा वेळी आघात झाल्यास ‘कट्’ असा आवाज, तत्काळ शैथिल्य, वेदना व जांभळी सूज ही लक्षणे दिसतात.

बर्फाचा शेक, दाबपट्टी व शोथहर औषधे यांनी सूज ओसरते. परंतु फाटलेले आवरण वेडेवाकडे भरून आल्यास वक्रता वा ध्वजभंग मागे उरतो. म्हणूनच अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१४ मध्ये त्वरित शस्त्रकर्माची शिफारस केली. दोन्ही उपचारांची तुलना मुख्यतः जुन्या रुग्णनोंदींवरून झाली, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्या नोंदींचा कल शस्त्रकर्माकडेच आहे.

केवळ वरची शीर फुटली असून आवरण अभंग असल्याचे तपासणीने निश्चित झाले, तर औषधोपचार पुरेसा ठरतो. मात्र हा निर्णय निदानानंतरचा आहे, निदानाऐवजी नव्हे. मूत्रमार्गातून रक्त येणे वा मूत्रावरोध ही मूत्रमार्गाच्या इजेची सूचना समजावी.

लज्जेमुळे असा रुग्ण प्रथम आपल्याच चिकित्सालयात किंवा औषधालयात येतो आणि सुजेवरची गोळी मागतो. पक्व गुल्माचा अधिकार धान्वंतर संप्रदायाकडे सोपविताना चरकाचार्यांना कमीपणा वाटला नाही. आपणही या रुग्णास लेप देऊन थांबवू नये. त्याच दिवशी मूत्ररोग शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.