न गंजणारी सळई

गेल्या पावसाळ्यात समुद्राकाठी राहणाऱ्या एका आप्तांकडे गेलो होतो. अंगणात उभे असता सज्जाच्या तळाचा काँक्रीटचा पोपडा सुटून पायाशी पडला. वर पाहतो तो तांबडी, फुगलेली सळई उघडी पडलेली! लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतूनच फोडतो. १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हापासून आम्हा गोमंतकीयांना हे वेगळे सांगावयास नको.

आप्त म्हणाले, "मास्तर, सज्जा नवा करायचाच आहे, तर न गंजणारी सळईच घातली तर?"

काचेचे तंतू राळेत भिजवून घडविलेली अशी सळई आता बाजारात मिळते. तिचा किलोचा भाव ऐकून मनुष्य दचकतो. पण तुलना किलोची नव्हे, मीटरची करावी. १२ मिलिमीटरची पोलादी सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते, ही त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. ताणही ती पोलादाहून अधिक सोसते. म्हणून विक्रेता सांगतो, "बाराच्या जागी दहाची घाला, पैसे वाचतील." खरी मेख येथेच आहे. तुटण्याची ताकद निराळी आणि ताठपणा निराळा. ताठपणात ही सळई पोलादाच्या चतुर्थांशाच्या आसपासच आहे. बारीक सळईचा सज्जा मोडणार नाही कदाचित, पण वाकेल, तडकेल. ते टाळण्यासाठी सळया वाढवाव्या, की वाचलेले पैसे गेलेच! शिवाय ही जागेवर वाकविता येत नाही. आकडे, रिंगा कारखान्यातूनच घडवून आणाव्या लागतात. आगीत राळ लवकर मऊ पडते. आणि पोलाद तुटण्यापूर्वी ताणले जाऊन इशारा देते, तसा इशारा ही देत नाही.

मी त्यांना जाणत्या अभियंत्याकडे नेले. त्यांनी प्रथम जुन्या सज्जात सळईखाली काँक्रीट किती होते ते मोजले. गवंडी ज्याला कव्हर म्हणतात ते भरले अवघे १५ मिलिमीटर! किनाऱ्यावरील उघड्या कामास भारतीय मानक ४५६ प्रमाणे ४५ मिलिमीटर हवे.

नवा सज्जा पोलादाचाच झाला, पुरेशा कव्हरचा आणि घट्ट काँक्रीटचा. परसामागे भरतीचे पाणी लागणारी भिंत आहे, तिच्यासाठी मात्र त्यांनी काचतंतूंच्या सळयांचे दरपत्रक मागविले आहे.